गाशे तिलायेंचा गुरुवार

पत्र्यावर ऊन चढलं की आमच्या गल्लीत हाक येते. "कॉफीऽ! या गं सगळ्या!" ज्या घरातून हाक, त्या घरी त्या दिवशीची कॉफी. पाच घरं आणि पाच वार, सोमवार ते शुक्रवार. अदिस अबाबाच्या वरच्या अंगाला, गुलेलेच्या चढावर, एकाच कुंपणात ही पाच घरं राहतात आणि गेली चाळीस वर्षं वार लावून एकमेकांकडे कॉफी पितात. हाक आली की हातातलं काम टाकून जायचं. आजारी असलात तर शाल गुंडाळून जायचं. आणि एखाद्या दिवशी हाकच आली नाही, तर माणूस दिवसभर डोकं धरून बसतो, की आपलं काय चुकलं.

गुरुवार झेनेबेचचा. म्हणजे होता.

संकटावर संकट आलं की दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आमच्याकडे तेरावा महिना दरवर्षी येतो, पावसाळा सरता सरता, नव्या वर्षाच्या तोंडावर, पाचच दिवसांचा. त्यातल्या तिसऱ्या दिवशी झेनेबेच गेली. सकाळी गुरुवारची कॉफी केली, कप धुऊन पालथे घातले, जरा आडवी झाली ती उठलीच नाही. दारात सुतकाचा तंबू पडला. गल्लीतल्या बायकांनी तीन दिवस आल्यागेल्याला कॉफी पाजली आणि त्या धांदलीत तिच्या जेबेनाची मान मोडली. जेबेना म्हणजे कॉफी उकळायची मातीची सुरई, पोट गोल आणि मान लांब. कोणाच्या हातून मोडली ते कोणी सांगितलं नाही, आणि तिच्या नवऱ्यानेही विचारलं नाही.

तिचा नवरा म्हणजे गाशे तिलाये. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही गाशे म्हणतो. बत्तीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली. अंगाने उंच, वाळकुडे. क्लच दाबून दाबून गुडघे कामातून गेलेले. बोलणं मोजकं. मोडलेल्या जेबेनाचं पोट त्यांनी टाकलं नाही. त्यात माती भरली, सतापाची काडी खोचली आणि खिडकीत ठेवून दिलं. आमच्याकडे कॉफीच्या कपात सतापाची एक डहाळी बुडवतात. ते रोप वाढलं, पण त्या घरात डहाळी बुडवायला कॉफीच होत नव्हती.

गुरुवार आपल्या अंगावर घेतला शेजारच्या देब्रितुने. देब्रितु म्हणजे मनाने लोणी आणि जिभेने मिरची. "गाशे, तुम्ही फक्त यायचं. बसायचं, प्यायचं, उठायचं," ती म्हणाली. महिनाभर गाशे गेले. पण पुढे पुढे त्यांना तिथे बसणं जड जायला लागलं. पाच घरांत आपलं एकच घर असं, जे नुसतं पितं आणि पाजत कधी नाही, हे त्यांना खायला लागलं. मग सबबी सुरू झाल्या. कधी पेन्शनच्या कचेरीत जायचं होतं, कधी चर्चमध्ये, कधी गुडघा धरला होता. खरं तर ते उतारावरून खाली मोठ्या रस्त्यावर जायचे आणि टपरीवर, अनोळखी लोकांत, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून एक कप प्यायचे. वर गल्लीत देब्रितुची हाक यायची, "गाशे, कॉफीऽ!" ती हाक खालपर्यंत ऐकू येत नव्हती, तरी त्यांना बरोबर त्या वेळेला टोचायची.

त्यांना गुरुवार परत हवा होता. बाकी काही नको. गुरुवार गेला तर आपण या गल्लीत राहू, पण गल्लीतले राहणार नाही, हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

अमेरिकेतल्या लेकीने, हिरुतने, फोनवर बापाचा सूर ऐकला आणि एक चकचकीत यंत्र पाठवून दिलं. बटण दाबा, एका मिनिटात कॉफी. गाशेंनी ते चालवून पाहिलं. खरंच एका मिनिटात कॉफी आली, आणि वाईटही नव्हती. पण एका मिनिटात झालेल्या कॉफीला माणसं किती वेळ बसणार? झेनेबेचच्या कॉफीला दोन तास लागायचे, आणि त्या दोन तासांत गल्लीतली दोन लग्नं जमली होती आणि एक मोडलेलं सांधलं होतं. गाशेंनी यंत्रावर रुमाल टाकला आणि लेकीला सांगितलं, फार छान आहे, जपून ठेवलंय.

मग एक दिवस त्यांनी देब्रितुला कुंपणापाशी गाठलं.

"गुरुवार मी करीन म्हणतो."

देब्रितु कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा तोंडातून काढला. "काय करणार?"

"कॉफी."

"तुम्ही? अहो, मी माझ्या पोरीला पाठवते की. तुमच्या घरात बसून करील."

"नको. घरची कॉफी घरच्या हातची."

"आता त्या घरात हात कुणाचा आहे, गाशे?"

"माझे दोन आहेत."

देब्रितु हसायला लागली. पुरुषाने कॉफी करायची म्हणजे बोकडाने दूध द्यायचं, असं काहीसं ती पुटपुटली. पण म्हाताऱ्याचं तोंड बघून तिचं हसू विरलं. "बरं. वर्ष सरू दे. नव्या वर्षाच्या पहिल्या गुरुवारी करा एकदा. शेगडी तरी पेटते का बघू."

"एकदाच?"

"एकदा करा. पुढचं पुढे."

हातात दोन महिने होते, आणि घरात काय होतं? झेनेबेचचा लोखंडी तवा, खलबत्ता, शेगडी, दांडी नसलेले नऊ छोटे कप. जेबेना नाही, कॉफी नाही, आणि अक्कल तर मुळीच नाही. चाळीस वर्षं या माणसाने दिवसाला तीन कप प्यायले असतील; कॉफी होते कशी, ते एकदा मान वळवून पाहिलं नव्हतं.

भर पावसात, छत्री घेऊन ते केचेनेला गेले. तिथे कुंभारणी राहतात. काळ्या, घोटलेल्या जेबेना ताडपत्रीखाली ओळीने मांडलेल्या. अझालेच नावाची एक जाडजूड कुंभारीण होती, तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बायकोने पाठवलं? तिला सांगा, पुरुषांना मी भांडं विकत नाही. दुसऱ्या दिवशी बदलायला परत येतात."

"बायको वारली माझी."

अझालेचने एक स्टूल पुढे सरकवलं. "किती कपांची हवी?"

गाशेंनी याचा विचारच केला नव्हता. समोर तीन आकार होते. एक छोटी, चार कपांची. एकट्या माणसाला पुरून उरेल अशी. मधली सहाची. आणि एक गलेलठ्ठ, नऊ कपांची. त्यांचा हात चार कपांच्या जेबेनाकडे गेला. कोण येणार होतं? एकदा येतील, दया म्हणून, आणि मग ही एवढी मोठी सुरई रिकामी बसून आपल्याकडे बघत राहील. हात तिथे थोडा वेळ राहिला. मग ते म्हणाले, "नऊ."

"कुठली?"

आता बस ड्रायव्हर टायर कसा तपासतो ते तुम्हाला माहीत असेल. काठीने ठोकतो आणि कान देतो. गाशेंनी तेच केलं. बोटाचं पेर वाकवून एकेका जेबेनाला टकटक करत गेले. पहिली वाजली, दुसरी वाजली, तिसरी बद्द वाजली. "हिला चीर आहे."

"कुठंय चीर? उगाच माझ्या मालाला नावं ठेवू नका!" अझालेचने ती हिसकावून घेतली, आत पाणी ओतलं, उचलून धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग मानेच्या बुडाशी एक थेंब आला. ती थेंबाकडे पाहत राहिली. "तीस वर्षं माती मळतेय मी," ती म्हणाली, "माझी चीर दाखवणारे तुम्ही पहिले पुरुष."

मग मात्र तिने त्यांना हातचं राखून काही सांगितलं नाही. स्वतः निवडून एक जेबेना दिली, मान सरळ, तळ जाड, चोच बारीक. "घरी नेऊन आधी कॉफीचा चोथा घालून तीनदा उकळा. मातीचा वास गेला पाहिजे. नाहीतर पाहुण्यांना वाटेल, भिंत चाटायला दिलीय. आणि चोचीत गवताचा बोळा घाला, चोथा कपात येत नाही."

घरात चोथा कुठून येणार? गाशेंनी टपरीवरच्या पोरीकडून डबाभर मागून आणला. तिला वाटलं, म्हातारा गुलाबांना घालणार.

कॉफीच्या दाण्यांचं प्रकरण याहून अवघड निघालं. बाजारात केदिरचं दुकान. हिरव्या दाण्यांची पोती तोंडं उघडी टाकून बसलेली. "कुठली देऊ, गाशे? जिमा? सिदामा? हरार? यिर्गाचेफे?"

गाशे पोत्यांकडे बघतच राहिले. झेनेबेच कुठली आणायची?

चाळीस वर्षं! त्यांना लाजेने घाम फुटला. तिच्या चपलेचा नंबर त्यांना माहीत होता, तिला कुठल्या डाळीने त्रास होतो ते माहीत होतं, आणि रोज तीनदा जे तिच्या हातून घेतलं त्याचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला. तिच्या डब्याच्या तळाशी राहिलेले अकरा कच्चे दाणे त्यात गाठ मारून आणले होते. दुसरा काही पुरावा नव्हता.

केदिरने ते तळहातावर पसरले. बोटाने एकेक सरकवला, एक दाढेखाली धरून फोडला, हुंगला. मग त्यांचे दोन ढीग केले.

"हे बघा. हे सात लांबट, पिवळसर. हे हरारचे. आणि हे चार बारके, हिरवट. हे सिदामाचे. तुमच्या मंडळी मिसळ करत होत्या, गाशे. दोनाला एक असणार." तो हसला. "देब्रितुबाई माझ्याकडे नेहमी येतात. दहा वर्षं विचारतायत, झेनेबेच काय नेते, झेनेबेच काय नेते. मला तरी कुठे ठाऊक होतं? ती एक माझ्याकडून न्यायची, दुसरं पलीकडच्या दुकानातून."

गाशे तिलाये दुकानाच्या पायरीवर बसले. बायको जाऊन अकरा महिने झाल्यावर तिची एक लबाडी हाती लागली होती. त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. दोन भाग हरार, एक भाग सिदामा, असं घेऊन ते घरी आले आणि वाटेत कोणालाही पिशवी उघडून दाखवली नाही.

पहिल्या दिवशी दाणे कोळशासारखे झाले. दुसऱ्या दिवशी बाहेरून काळे, आतून कच्चे. धुराने खोली भरली, तेव्हा देब्रितु कुंपणापलीकडून ओरडली, "गाशे, घर जळतंय की तुम्ही?" पण माणूस चिकट. दाण्यांचा तडतडणारा आवाज ऐकत ऐकत, इंजिनाचा ऐकायचे तसा, त्यांना हळूहळू नेमकी वेळ कळायला लागली. दहाव्या दिवशी पहिला कप असा आला की ते तो हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता हुंगत बसले. मग प्याले, जेबेना धुऊन पालथी घातली. रोज असंच. एक जेबेना, एक कप, झालं. एकट्या माणसाने तीन फेऱ्या कोणाबरोबर घ्यायच्या?

आणि चूक इथेच झाली. ती त्यांनाही दिसली नाही आणि आम्हालाही.

कॉफीच्या फेऱ्या तीन. पहिली कडक, दुसरी मधली, तिसरी अगदी पातळ. तिसरीला आम्ही बरकत म्हणतो. ती घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि ती झाल्यावर बसलेल्यांतलं सगळ्यात वडील माणूस घराला आशीर्वाद देतं. आमच्या गल्लीत हा मान देब्रितुच्या आईचा, एमामा बाफेनाचा. एमामा म्हणजे आजीच सगळ्यांची. वय नव्वदीच्या घरात. डॉक्टरने तिच्या हृदयाकडे बोट दाखवून कॉफी बंद केली, तेव्हापासून देब्रितु तिला फक्त बरकतीचा कप देते. पहिल्या दोन फेऱ्या म्हातारी मक्याच्या लाह्या चघळत, दुसऱ्यांच्या कपांकडे बघत बसते.

नव्या वर्षाचा पहिला गुरुवार उजाडला. गाशेंनी जमिनीवर हिरवं गवत पसरलं, त्यावर पिवळी फुलं टाकली, ऊद पेटवला. लाह्या भाजल्या, भाजलेले जव वाटीत काढले. गुडघ्यांमुळे बुटक्या स्टुलावर बसता येत नव्हतं, म्हणून शेगडी खिडकीखालच्या बाकावर ठेवून ते उभ्यानेच करणार होते, बायकांकडे पाठ करून. त्यात त्यांना अवघड वाटलं नाही. बत्तीस वर्षं माणसं त्यांच्या पाठीमागेच बसली होती.

सगळ्या आल्या. एमामा बाफेनाला दोघींनी धरून आणलं. गाशेंनी दाणे धुतले, भाजले, धुरावणारा तवा रिवाजाप्रमाणे प्रत्येकीच्या नाकापुढून फिरवला. बायकांनी ओंजळीने धूर ओढून घेतला. भुवया वर गेल्या. मग खलबत्ता, मग उकळी, मग पहिले कप. प्रत्येक कपात खिडकीतल्या रोपाची एक डहाळी.

देब्रितुने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तिचं तोंड एकदम लहान मुलीसारखं झालं.

"ही झेनेबेचची आहे," ती म्हणाली. "ही तिचीच आहे. गाशे, काय घालायची ती?"

"सांगणार नाही," गाशे खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. बायका हसल्या, मग रडल्या, मग एकीने पदराने नाक पुसलं आणि कोणाच्या तरी लग्नाचा विषय काढला. घर पुन्हा घरासारखं वाजायला लागलं.

दुसरी फेरी आली. "हात सढळ आहे हं तुमचा," देब्रितु डोळे बारीक करून म्हणाली. गाशेंना ती शाबासकी वाटली.

तिसरी आली. एमामा बाफेनाला तिचा कप मिळाला. तिने फुंकर घातली, एक घोट घेतला आणि थांबली. डोळे मोठे झाले. दुसरा घोट घेतला. मग मान मागे टाकून सगळा कप एका दमात रिकामा केला आणि खाली ठेवला.

"तीस वर्षं," म्हातारी म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही मला भांडी विसळलेलं पाणी पाजलंत, आणि वर त्याला बरकत म्हणालात?"

देब्रितुने आपल्या कपाला जीभ लावली आणि ताडकन उठली. "गाशे! हे काय आहे? किती पूड घातली यात?"

"पहिलीला घातली तेवढीच."

"परत?"

"परत म्हणजे? दर फेरीला. नवी कॉफी, नवी पूड."

"आधीच्या चोथ्यावर?" देब्रितुने कपाळावर हात मारला. "अहो, पाणी! फेरीला पाणी घालायचं फक्त! पूड एकदाच! चाळीस वर्षं ती तुमच्या नाकासमोर करत होती, तुम्ही बघत कुठे होता?"

गाशे तिलायेंनी खरं ते सांगितलं. "रेडिओकडे."

एरवी गल्ली पोट धरून हसली असती. पण देब्रितुने आईचं मनगट धरलं होतं आणि नाडी मोजत होती. "आई, छातीत काही होतंय का?"

"होतंय ना. बरं वाटतंय."

"उठ. घरी चल. आडवी हो."

"आशीर्वाद द्यायचाय मला."

"राहू दे आशीर्वाद!" देब्रितुने आईला बगलेत धरून उंबऱ्याबाहेर काढलं. दारात वळून गाशेंकडे पाहिलं. "हिला काही झालं ना, गाशे..." मागोमाग बाकीच्याही उठल्या. कप तसेच राहिले. आशीर्वादाशिवाय कॉफी मोडली, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

ती रात्र गाशे तिलायेंनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं त्यांनी स्वतःला शंभरदा ऐकवलं असेल. गुरुवार गेला तर गेला, पण म्हातारी राहू दे, एवढंच ते देवदूत मिखाएलाला विनवत होते. उजाडताच शाल पांघरून कुंपणापाशी गेले. पलीकडे तंबू दिसतो की काय, या धास्तीने आधी डोळेच वर होईनात.

तंबू नव्हता. अंगणात चटई होती, चटईवर एमामा बाफेना. तिच्याभोवती निवडलेल्या मसुराची तीन सुपं, सोललेल्या लसणाची एक परात, आणि घरातल्या सगळ्या उशांचे उसवलेले अभ्रे टाके घालून नीट रचून ठेवलेले.

"तिलाये!" ती ओरडली. "झोपच आली नाही रे! किती कामं उरकली बघ. आता काय निवडू सांग."

गाशेंचा जीव भांड्यात पडला. कुंपणाला टेकून ते लहान पोरासारखे हसत सुटले, आणि हसता हसता त्यांना खालीच बसावं लागलं. "माफ कर, एमामा."

"माफी कसली? आशीर्वाद राहिलाय तुझा. माझ्या पोटात अडकलाय. पण तो कॉफीवरच देतात, मसुरावर नाही."

देब्रितु दारातून बाहेर आली. तिचे डोळे तारवटले होते. रात्रभर आईच्या उशाशी बसली असणार, किंवा तिच्या मागे मागे फिरत. गाशे धडपडत उभे राहिले. "देब्रितु, आता पूड एकदाच. मला कळलं आता. पुढच्या वेळी..."

"पुढचं पुढे," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

शुक्रवारी हाक आली. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी आली. गाशे प्रत्येक घरी गेले, कोपऱ्यात बसले, आणि जन्मात पहिल्यांदा रेडिओकडे न बघता जेबेनाकडे बघितलं. खरंच नुसतं पाणी घालत होत्या. गुरुवारचा विषय कोणी काढला नाही. त्यांनीही नाही.

मग गुरुवार आला. गाशेंनी दाणे धुऊन ठेवले होते, दोनाला एक. मग वाटलं, आपण कोण ठरवणार, आणि ते ताटलीखाली झाकून टाकले. पत्र्यावर ऊन चढलं. ते खाटेवर बसून देब्रितुच्या हाकेची वाट बघत राहिले. वर्षभर त्यांना जी हाक टोचली होती, तीच आज यावी म्हणून ते कान टवकारून बसले होते. बोलावू दे, नुसतं प्यायला बोलावू दे, मी जाईन, सबबी सांगणार नाही.

ऊन पत्र्यावरून भिंतीवर उतरलं. हाक आली नाही. ना देब्रितुची, ना कोणाची. अख्ख्या गल्लीत भाजल्याचा वास नाही, धूर नाही. म्हणजे ठरलं होतं तर. सगळ्या मिळून दुसरीकडे कुठे तरी गेल्या होत्या आणि आपल्याला सांगावंसंही कोणाला वाटलं नव्हतं. त्यांनी कसंबसं उठून दार उघडलं.

अंगणात चारही घरच्या बायका उभ्या होत्या. धुतलेल्या कपड्यांत, केस विंचरून, काही न करता. देब्रितुच्या हातात आईचा पाट होता, आणि एमामा बाफेना काठीवर हनुवटी टेकून सरळ त्यांच्या दाराकडे बघत होती.

"काय हो गाशे," देब्रितु कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वार कुणाचा आज? केव्हापासून उभ्या आहोत. हाक मारणार आहात की आम्ही इथेच संध्याकाळ करायची?"

गाशे तिलायेंनी खाकरून दाराची चौकट धरली आणि पाच पावलांवर उभ्या असलेल्या त्या बायकांना गुलेलेच्या चढाच्या खालपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.

"कॉफीऽ! या गं सगळ्या!"